मार्गारेटच्या अंगणातला चर

मार्गारेटच्या अंगणातून चर खणल्याशिवाय या घरात पाणी येणार नाही, हे रामूने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ॲनी उठून आत गेली. तिने नळाखालचं पातेलं उचललं आणि ओटीवर आणून त्याच्यासमोर ठेवलं. पातेल्यात चार बोटं पाणी होतं, चहासारखं तांबूस. तेवढं जमायला सकाळचा पाऊण तास गेला होता.

"मला दाखवून काय उपेग, टीचर?" रामू म्हणाला. "रस्त्याला मीटरपाशी पानी जोरात आहे, माझा हात ढकलतंय. मधली लाईन संपलीय. चाळीस वर्सांचा लोखंडी पाईप, तो काय जन्माला पुरनार?"

"आमच्या जन्माला पुरेल असं वाटलं होतं," ॲनी म्हणाली.

तिचा नवरा ॲन्सेल्म आरामखुर्चीत बसून दोघांचं ऐकत होता. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्याला पंधरा वर्षं झाली होती, पण एखादा अर्ज फेटाळताना करायचा तसा चेहरा त्याला अजून करता येत असे. तोच करून तो म्हणाला, "दुसऱ्या बाजूने घाल."

"कुठून घालू, मास्तर? मागं टॉवर बिल्डिंगची भिंत. बांधावरनं घालायची म्हटली तर नवीन कनेक्शन, रस्ता फोडायची परवानगी. पावसाळा उजाडंल. अंगनातनं सरळ साठ फूट आहे. एका दिवसाचं काम."

"तिच्या दारात मी जाणार नाही."

रामूने ॲनीकडे पाहिलं. तो खाडीकडच्या गावचा, भातशेती सोडून नळकामात पडलेला. वसईतल्या निम्म्या घरांची भांडणं त्याला जमिनीखालून माहीत होती. त्याने पान्हा पिशवीत टाकला. "उद्या पान्याची पाळी आहे, चार वाजता. मी सकाळी सातला मानसं घेऊन येतो. हो म्हना नायतर नाय म्हना, पन आज सांगा. सामान तुळिंजवरनं आनायला लागंल," असं म्हणून तो गेला.

सासऱ्यांनी ही लाईन आणली तेव्हा पुढचं घर आणि मागचं घर असं काही नव्हतं. एकच आवार होतं आणि दोन भाऊ. पुढे धाकट्या स्टीवनने रस्त्याच्या बाजूला स्वतःचं घर बांधलं, ॲन्सेल्म मागच्या जुन्या घरात राहिला. पाणी मात्र एकाच पाईपातून येई. आधी स्टीवनच्या घराला फाटा, मग उरलेलं मागे. विहिरीचं पाणी खारट झालं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ते लादी पुसायलाच चालायचं. गेले तीन आठवडे ॲनी चर्चच्या आवारातल्या नळावरून पिण्याचं पाणी आणत होती, सकाळी दोन कॅन, संध्याकाळी दोन. अडुसष्टाव्या वर्षी. दर रविवारी मुलगी जोआना नायगावहून बाटल्यांचे बॉक्स गाडीत टाकून आणी आणि दर रविवारी तेच सांगे, "मम्मी, आमच्या टॉवरमध्ये या. चोवीस तास पाणी आहे. इथे काय ठेवलंय?"

इथे काय ठेवलंय, याचं उत्तर ॲनीला हल्ली पटकन सुचत नसे.

तिने साडी नीट केली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा बांधावरच्या पायवाटेऐवजी सरळ अंगणातून पुढच्या घराकडे निघाली.

मार्गारेट मागच्या पडवीत सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. नवरा स्टीवन वारून तीन वर्षं झाली तशी ती वाळत चालली होती. मनगटावरच्या बांगड्या सुटून कोपरापर्यंत जात होत्या. ॲनीला पाहून तिने हात थांबवले नाहीत.

"या, वहिनी. बसा म्हणायला पाट नाही इथे."

"बसायला नाही आले गं." ॲनी खांबाला टेकली. "लाईन बदलायचीय. रामू म्हणतो तुझ्या अंगणातून खणावं लागेल. हे पेव्हर ब्लॉक काढावे लागतील. परत बसवून देतो."

"पाणी येत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"कमी तर कधीपासूनच झालंय. आता बंदच."

आतून फ्लॉईड आला, मार्गारेटचा मुलगा. नाईट ड्युटी करून आलेला, डोळे तांबारलेले. त्याने सगळं ऐकलं होतं. "कशाला आलात, काकी? आमच्याकडे पाणी तोडायची चावी आहे ना जमिनीत. आम्ही बंद केली असेल. काकांना विचारा."

"फ्लॉईड," मार्गारेट म्हणाली.

"का, खोटं बोलतोय मी? अख्ख्या गावासमोर बोलले होते. हे ब्लॉक माझ्या पप्पांनी स्वतःच्या हातांनी बसवलेत, काकी. एकेक लेव्हल लावून. एक पण हलवू देणार नाही."

ती संध्याकाळ सगळ्यांनाच पाठ होती. जोआनाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला सगळे वाजतगाजत विहिरीवर गेले होते. काका म्हणून स्टीवनने पहिली कळशी भरून वर घेतली. बायका गाणं म्हणत होत्या. आणि त्या गाण्यातच ॲन्सेल्म मोठ्याने म्हणाला, "विहिरीचं तरी सगळ्यांना मिळू दे रे. नळाला जमिनीत चावी बसवून भावाचं पाणी तोडलंस, तेवढं पुरे." वाजंत्री आपोआप थांबली. स्टीवनने कळशी विहिरीच्या काठावर ठेवली, ओले हात पँटला पुसले आणि घरी निघून गेला. लग्नाला तो आला नाही. त्यानंतर कशालाच आला नाही. तीन वर्षांनी तो वारला तेव्हा ॲन्सेल्म चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि मिस्सेची प्रार्थना संपल्यावर, दफनाला न थांबता, परत आला.

मार्गारेटने बोंबलांची परात बाजूला सारली.

"खणा," ती म्हणाली.

"मम्मी!"

"तू झोप जा. खणा, वहिनी. मीटरपासून तुमच्या पायरीपर्यंत खणा, मध्ये एक वीत सोडू नका. पण माझी एक अट आहे. खणताना भावोजी तिथे उभे पाहिजेत. पहिला ब्लॉक निघेल तेव्हापासून."

"त्यांचे गुडघे..."

"माझेही दुखतात." मार्गारेटने परात पुन्हा ओढली. "ते आले तर खणा. नाही आले तर रामूला सांगा, फाटकातूनच परत जा."

*

"अट?" ॲन्सेल्म म्हणाला. "मला अट घालते?"

"हो."

"उभा करून तमाशा करायचाय तिला. चार माणसं जमवेल."

"जमवू दे."

"ॲनी, तू कुणाच्या बाजूने बोलतेस?"

ॲनी पलंगाच्या कडेवर बसली. डावा खांदा कॅनच्या ओझ्याने आतून ठणकत होता. तो दाबत ती शांतपणे बोलली. आवाज चढवायला लागणारी ताकद तिला दुसऱ्या कामासाठी राखून ठेवावी लागत होती.

"मी कुणाच्याच बाजूने नाही. मी दमलेय. उद्या सकाळी तुम्ही तिथे उभे राहिलात तर बरं. नाही राहिलात, तर मी दुपारी जोआनाला फोन करून गाडी बोलावते आणि नायगावला जाते. रागाने नाही. रुसून पण नाही. मला फक्त नळ सोडला की पाणी येतं अशा घरात राहायचंय. तुम्ही मागाहून या, नाहीतर राहा इथे."

पन्नास वर्षांच्या संसारात ती असं कधी बोलली नव्हती. ॲन्सेल्मने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "माझे बूट कुठे आहेत?"

"ते उद्या लागतील."

"उद्यासाठीच विचारतोय."

*

सकाळी सातला रामू आला. बरोबर खणायला दोन माणसं, पहारी, फावडी, आणि टेम्पोत काळ्या प्लास्टिकच्या पाईपाची दोन वेटोळी.

"दोन कशाला?" ॲनीने विचारलं.

"एक लागंल का दोन, ते खनल्यावर ठरवू," रामू म्हणाला. "उरली तर दुकानदार परत घेतो."

फ्लॉईड झोपला नव्हता. हातात खडू घेऊन तो अंगणात उकिडवा बसला होता आणि प्रत्येक ब्लॉकवर आकडा घालत होता. एकसष्ट, बासष्ट. वर मान न करता तो रामूला म्हणाला, "ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने बसवायचे. मी स्वतः बसवणार."

ॲन्सेल्म पायरी उतरून आला. इस्त्रीचा शर्ट, काळे बूट, हातात काठी. रविवारच्या मिस्सेला निघाल्यासारखा. मार्गारेट दारात उभी होती. कडेला पेरूच्या झाडाची थोडी सावली होती, तिथे तो जाऊन उभा राहिला. तमाशा बघायला कुणी जमलं नव्हतं. कुणाला सांगितलंच नव्हतं.

ब्लॉक निघाले, खालची रेती निघाली, मग लाल माती. अडीच फुटांवर पाईप लागला. त्याला पाईप म्हणायचं ते सवयीने. काळपट, खपल्या धरलेला, एखाद्या झाडाच्या मुळासारखा दिसत होता. माणसं त्याच्या कडेकडेने पुढे सरकत होती. ॲनी जुन्या घराच्या पायरीवरून बघत होती. ती खड्ड्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. त्याची नजर पहारीच्या टोकावर होती.

साडेनऊला फाटा लागला. तिथून स्टीवनच्या घराकडे पाईप वळत होता. रामू चरात उतरला आणि हाताने माती काढू लागला. ॲन्सेल्म काठी टेकत एक पाऊल पुढे आला.

"चावी?" त्याने विचारलं.

"चावी नाय, मास्तर. साधी टी आहे, फाटा जोडायची. हात लावून बघा पायजे तर."

"पुढे असेल."

"पुढं खनतोच आहे."

दारात मार्गारेट तशीच उभी होती. फ्लॉईड ब्लॉकच्या थप्पीवर बसला होता. पहारीचा आवाज, फावड्याचा आवाज. ऊन वर आलं. ॲन्सेल्म दोन्ही हातांनी काठीवर रेलला, तेव्हा ॲनी खुर्ची आणायला उठली. पण त्याने दुरूनच हात करून तिला थांबवलं.

फाट्यापासून बारा-पंधरा फुटांवर, म्हणजे आता फक्त मागच्या घराकडेच जाणाऱ्या भागात, पाईपाला काहीतरी बांधलेलं लागलं. रामूने माती झटकली. पाईपाभोवती रबरी ट्यूबची पट्टी गुंडाळली होती आणि तिच्यावर दोन बाजूंनी पोलादी क्लॅम्प आवळला होता. बाकी पाईप कुजून गेला होता, पण क्लॅम्प अजून धड होता. त्याचे चारही नट ग्रीस लावून बसवलेले.

"हे कोनी केलं?" रामू म्हणाला. "माझं काम नाय हे. पन झकास केलंय. फुटलेली लाईन बांधलीय."

मग फ्लॉईड थप्पीवरून उठला.

"पप्पांनी," तो म्हणाला. "जोआनाच्या लग्नाच्या आधी. तुमची लाईन इथे गळत होती, काका. अंगणात सारखा ओलावा यायचा. पप्पा म्हणाले, लग्नघर आहे, मागे पाणी कमी पडेल. दोन दिवस सुट्टी काढून त्यांनी खणलं, क्लॅम्प लावला, आणि परत कुणाचा पाय माती खचून मोडायला नको म्हणून वर ब्लॉक घातले. मी तेव्हा त्यांना रेती चाळून देत होतो."

"मग मला सांगितलं का नाही?" ॲन्सेल्मचा आवाज फाटला.

आता मार्गारेट बोलली. "सांगणार होता. लग्नाच्या गडबडीत राहिलं. उंबराचं पाणी आणायला निघालो तेव्हा मला म्हणाला, आज दादाला सांगतो, नवी लाईन टाकायला पाहिजे, अर्धी अर्धी करू. तुम्ही आधी बोललात."

"नंतर? नंतर सांगायचं!"

"मी म्हणायचे त्याला. तो म्हणायचा, ज्याला माझ्यावर विश्वास नाही त्याला मी जमीन उकरून दाखवू? गेला तोवर हेच म्हणत होता. हट्टी होता. तुमच्याच घरातला."

रामूने पुढच्या सांध्याजवळ करवतीने पाईप कापला आणि तुकडा वर उचलून धरला. आत गंजाचे थरावर थर चढले होते. मधलं भोक पेन्सिल जाईल एवढंही उरलं नव्हतं. "कोनी पानी तोडलं नाय, मास्तर," तो हळू म्हणाला. "पुढचा पाईप आखूड, त्याला जोर मिळाला. मागचा लांब, तो गंजानं आधी भरला. बस."

ॲन्सेल्मने काठी खाली ठेवली. कुणी धरायच्या आत तो चराच्या कडेला गुडघ्यांवर बसला, इस्त्रीच्या पँटसकट, आणि हात खाली घालून क्लॅम्पवर ठेवला. "मी पाहिलं होतं त्याला खणताना," तो म्हणाला. "खिडकीतून. मी पाहिलं आणि चावीच बसवतोय असं मी ठरवलं. मीच ठरवलं." मग त्याने मान वर केली. "मार्गारेट, मी..."

"मला नका सांगू, भावोजी." तिचा आवाज कठोर नव्हता, नुसता थकलेला होता. "मी तुम्हाला बघायला बोलावलं होतं. तुमचं ऐकायला नाही."

फ्लॉईडने पडवीतली प्लास्टिकची खुर्ची आणून ॲन्सेल्मच्या मागे ठेवली, काखेत हात घालून त्याला उठवलं, बसवलं, आणि पुन्हा ब्लॉकांकडे गेला.

ॲनी पायरीवरच राहिली.

मीच ठरवलं, असं तो म्हणाला होता. पण खिडकी स्वयंपाकघरातली होती. त्या मे महिन्यात ओट्याशी ती उभी होती, लग्नाची भांडी समोर, नळाला धार नाही. बाहेर दीर खणताना दिसला तेव्हा तीच वैतागून नवऱ्याला म्हणाली होती, "बघा तुमचा भाऊ जमिनीत काय करतोय ते. त्यांच्याकडे बरं पाणी येतं, आपल्याकडेच नाही." एवढंच. पुढे चावी आली, चोरी आली, ते सगळं ॲन्सेल्मने चढवलं. पण पहिला चिरा तिने ठेवला होता. विहिरीवर तो बोलला तेव्हा हाताला धरून त्याला मागे ओढण्याइतकी ती जवळ उभी होती. तिने ओढलं नाही. त्या क्षणी तिला थोडं बरंही वाटलं होतं, की कुणीतरी बोललं.

आणि आता तो तिचं नाव घेत नव्हता. विसरला होता की झाकत होता, हे तिला कळेना.

दुपारी रामूने विचारलं, "टीचर, आता ठरवा. पहिल्यासारखी एक लाईन घालून फाटा काढू, का मीटरपासनंच दोन वेगळ्या?"

ॲन्सेल्मने मार्गारेटकडे पाहिलं, निर्णय तिच्याकडे सरकवल्यासारखं.

"दोन," मार्गारेट म्हणाली. "चर एकच आहे, तर दोन्ही त्यातच घाला. पण पाईप दोन."

"बरोबर आहे," ॲन्सेल्म म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते शेवटचं वाक्य.

काळे पाईप रेतीवर शेजारी शेजारी अंथरले गेले, साठ फुटांत एक सांधा नाही. चारला दहा मिनिटं कमी असताना रस्त्यावरच्या मीटरमधून हवा सुटल्याचा आवाज आला. आधी मार्गारेटचा नळ खोकला, मग ॲनीच्या स्वयंपाकघरातला. ॲनीने बादली लावली. गढूळ आलं, मग पांढरं, मग स्वच्छ. बादली एवढ्या लवकर भरली की तिला दुसरी शोधायला वेळ मिळाला नाही आणि पाणी तिच्या पायांवर सांडलं. तिने नळ बंद केला आणि नवऱ्याला हाक मारायला बाहेर आली.

खुर्ची रिकामी होती. ॲन्सेल्म फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळला होता, चर्चच्या रस्त्याला, जिथे मागच्या बाजूला दफनभूमी आहे. गुडघे मातीने माखलेले, काठी न घेताच. ॲनी दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. तिथे तिने बरोबर जाण्यासारखं काही नव्हतं.

माणसं चर बुजवत होती. मार्गारेट पडवीत एकटी होती. ॲनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मार्गारेट, चावीचं त्यांच्या डोक्यात मी घातलं होतं."

मार्गारेटने वर पाहिलं.

"खिडकीतून मी पाहिलं होतं. मी म्हटलं होतं, बघा तुमचा भाऊ काय करतोय. तिथून सगळं झालं. आणि विहिरीवर मी त्यांना अडवलं नाही. अडवता आलं असतं."

मार्गारेटच्या चेहऱ्यावर राग आल्यासारखा झाला आणि मध्येच कुठेतरी विरला.

"आज नको, वहिनी," ती म्हणाली. "सकाळपासून उभी आहे मी. आज माझ्यात रागवायचंसुद्धा त्राण नाही. उद्या या. या मात्र. हे बोलून घरी बसायचं नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर ॲनी गेली. फ्लॉईड अंगणात गुडघ्यावर बसून चौऱ्याण्णव नंबरचा ब्लॉक ठोकत होता. त्याने काकीला वाट दिली, इतकंच.

मार्गारेट तयार होती. तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. लग्नाच्या दिवशी स्टीवन कपडे घालून पलंगावर बसून राहिला होता, बँडचा आवाज ऐकत, ते सांगितलं. हॉस्पिटलात त्याने दोनदा विचारलं होतं, दादा आला का, ते सांगितलं. दफनाला मोठ्या भावाच्या हातची माती पडली नाही, ते सांगितलं. तू शिकलेली, शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी, तू सहा वर्षं बांधावरच्या वाटेने जातेस, आणि मी इथून बघते, अशी ती बोलता बोलता तुम्हीवरून तूवर आली आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती ओरडली, रडली, पुन्हा ओरडली. ॲनी हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिने एकही शब्द अडवला नाही. सहा वर्षांत तिच्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं.

तासाभराने मार्गारेटचा आवाज बसला. ती खुर्चीत टेकली, पदराने तोंड पुसलं.

"चहा टाक," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझ्याने आता उठवत नाही."

ॲनी उठली. पातेलं तिला सापडलं, चहापत्तीही सापडली. साखरेचा डबा मात्र कुठल्या फळीवर असतो, हे तिला आता माहीत नव्हतं. तिने विचारलं.